गाणं वाजते, पण गेम मुका! लिनक्सवर गेमच्या आवाजाच्या भानगडी

दारव्हेकर
नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयात पोट्ट्यांसाठी जुने डेस्कटॉप लावले आहेत. सगळे चौथ्या पिढीचे आय-थ्री, ४ जीबी रॅम, अन् सगळ्यांवर लिनक्स मिंट २१.३ एक्सएफसीई. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या, तशा गेमच्या आवाजाच्या तक्रारी येऊन राहिल्या. तीन मशीनवर तीन तऱ्हा.

पहिली मशीन: ब्राउझरमध्ये गाणं मस्त वाजते, पण सुपरटक्सकार्ट हा शर्यतीचा गेम उघडला की चिडीचूप. मॉनिटर एचडीएमआयवर आहे, स्पीकर मागच्या हिरव्या जॅकमध्ये.

दुसरी: स्टीम या गेमच्या दुकानावरून प्रोटॉननं (लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारा प्रोग्राम) चालणारा विंडोजचा गेम. सुरुवातीले आवाज साफ, वीसेक मिनिटांनी कडकड सुरू होते, मंग गेमही अडखळते.

तिसरी: संगीत येते, गाड्यांचा आवाज येते, पण गेममधले लोक काय बोलतात ते ऐकूच येत नाही. हेडफोन पुढच्या जॅकमध्ये.

नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. म्हणून 'सगळं पुसून नवीन टाका' हा सल्ला अगदी शेवटी द्या.

खालूनवर
दारव्हेकर भाऊ, लक्षणं नीट वेगळी करून लिहिलीत, त्यामुळे काम सोपं झालं. तीन मशीनची तीन कारणं असणार, एकच उपाय सगळीकडे मारू नका.

आधी वाट समजून घ्या. सगळ्यात खाली साउंड कार्ड, त्यावर कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) अल्सा, जो कार्डाशी बोलतो, त्यावर पल्सऑडिओ, जो सगळ्या प्रोग्रामांचा आवाज एकत्र करून खाली पाठवतो, आणि सगळ्यात वर गेम. विहिरीवरची मोटर चालू आहे आणि वावरात पाणी नाही, तर आपण नवी मोटर आणत नाही, कोणता व्हॉल्व्ह बंद आहे ते बघत जातो. इथेही तसंच. ब्राउझरचं गाणं वाजतंय म्हणजे पहिल्या मशीनवर कार्ड, अल्सा आणि पल्सऑडिओ तिन्ही ठीक. गडबड गेम आणि पल्सऑडिओ यांच्या मध्ये आहे.

पाव्हूकंट्रोल (पल्सऑडिओच्या सेटिंगची खिडकी) टाकून घ्या, छोटं पॅकेज आहे. सुपरटक्सकार्ट चालू ठेवा, खिडकी लहान करा आणि पाव्हूकंट्रोलचा 'प्लेबॅक' टॅब उघडा. तिथे गेमच्या नावाची ओळ दिसते का? दिसत असेल आणि तिच्याखालची पट्टी हलत असेल, तर गेम आवाज देतोय, तो फक्त भलतीकडे जातोय. त्या ओळीच्या उजव्या बाजूला आउटपुटचं नाव असतं. तिथे एचडीएमआय असेल तर ते बदलून 'बिल्ट-इन ऑडिओ अ‍ॅनालॉग स्टिरिओ' करा.

असं का होतं? चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये दोन साउंड कार्डं दिसतात. एक 'एचडीए इंटेल एचडीएमआय', ते बहुधा शून्य नंबरला. दुसरं 'एचडीए इंटेल पीसीएच', ज्यावर तुमचे जॅक आहेत. आणि पल्सऑडिओ प्रत्येक प्रोग्रामचं आउटपुट आणि व्हॉल्यूम वेगवेगळं लक्षात ठेवतो. कुणी तरी एकदा गेमची ओळ एचडीएमआयकडे वळवली किंवा म्यूट केली, की पुढच्या वेळीही गेम तिकडेच जातो आणि ब्राउझर मात्र नीट वाजत राहतो.

मॉनिटरला स्पीकर नसतील तर 'कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये एचडीएमआय कार्डाचं प्रोफाइल सरळ 'ऑफ' करून टाका. पोरांनी काहीही दाबलं तरी आवाज तिकडे जाणार नाही.

पेंग्विन_वऱ्हाडी
भाऊ, एवढं कायले? युजरले ऑडिओ ग्रुपात टाका, अन् गेम सुडो (म्हणजे रूटचे, मुख्य युजरचे अधिकार) लावून चालवून पाहा. परमिशनचा घोळ असन तं तिथंच समजते.

मेळघाटी
पेंग्विन दादा, हे दोन्ही करू नका, कळकळीनं सांगते.

सुडोनं चालवलेला गेम रूट युजरचा होतो. पल्सऑडिओ मात्र लॉगिन केलेल्या युजरचा असतो. रूटला तो सापडला नाही की चांगला वाजणारा गेमही मुका होतो. वर गेमच्या सेटिंगच्या फाइली रूटच्या मालकीच्या होऊन बसल्या, तर नंतर साध्या युजरला त्या बदलता येत नाहीत.

ऑडिओ ग्रुपचा सल्ला फार जुन्या काळातला. आता जो युजर स्क्रीनसमोर बसलाय त्याला साउंड कार्डाची परवानगी सिस्टिम आपोआप देते. ग्रुपात टाकलं की तो युजर पडद्याआड गेला तरी कार्ड धरून ठेवू शकतो. वाचनालयात एकाच मशीनवर दोन खाती असतात, 'स्विच युजर' केलं जातं. मग दुसऱ्याला आउटपुटमध्ये फक्त 'डमी आउटपुट' दिसतं, आणि लोक कार्ड जळालं समजतात. कुणाला आधीच टाकलं असेल तर ग्रुपमधून काढा आणि मशीन एकदा बंद करून चालू करा.

पेंग्विन_वऱ्हाडी
बरं ताई, पटलं. खात्यांचं लक्षातच नव्हतं आलं.

खालूनवर
मेळघाटी ताईंना पूर्ण दुजोरा. पहिल्या मशीनबद्दल उरलेलं सांगतो.

प्लेबॅक टॅबमध्ये गेमची ओळच दिसली नाही तर? आधी गेमच्या ऑप्शन्समधला ऑडिओ टॅब बघा, तिथे म्युझिक आणि साउंड इफेक्ट्स या दोन वेगळ्या खुणा आहेत. त्या चालू असतील तर मग ओपनएएल, म्हणजे गेम ज्यातून आवाज काढतात ती लायब्ररी, बघा. सुपरटक्सकार्ट आणि झिरो ए.डी. हे दोन्ही गेम त्यावर चालतात. होम फोल्डरमध्ये 'डॉट अल्सॉफ्टआरसी' नावाची फाइल करा. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात 'जनरल', दुसऱ्या ओळीत 'ड्रायव्हर्स=पल्स'. एवढंच. इथे मी नावं देवनागरीत लिहितोय, फाइलीत आणि टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांत, आकडे इंग्रजी, आणि हे सगळं छोट्या लिपीत टाका.

जे गेम एसडीएल या दुसऱ्या लायब्ररीवर चालतात त्यांना टर्मिनलमधून 'एसडीएल_ऑडिओड्रायव्हर=पल्सऑडिओ' लावून सुरू करता येतं. यात बरोबरच्या आधीचा भाग सगळा मोठ्या लिपीत, नंतरचा छोट्या.

वैनगंगा
एक जोड देतो जी. जुना ३२-बिट गेम ६४-बिट सिस्टिमवर मुका असेल तर कारण वेगळं असते. गेम टर्मिनलमधून सुरू करा आणि काय छापून येते ते वाचा. 'अल्सा लिब' नं सुरू होणारी ओळ आणि पुढे 'कॅनॉट ओपन शेअर्ड लायब्ररी' असं दिसलं, की ३२-बिटचा दुवा गायब आहे समजा. 'सुडो डीपीकेजी --अ‍ॅड-आर्किटेक्चर आय३८६', मग पॅकेजांची यादी ताजी करा, मग 'लिबअसाउंड२-प्लगइन्स:आय३८६' टाका. कोलनच्या पुढचा भाग विसरलात तर ६४-बिटचंच पॅकेज येते आणि काही फरक पडत नाही. गेम ३२-बिट आहे का ते 'फाइल' ही कमांड सांगते.

अर्थिंगवाला
दुसऱ्या मशीनवर बोलतो. वीस मिनिटं साफ, मंग कडकड, अन् गेमही अडखळते म्हणता, तं माझा पहिला संशय गरमीवर. आवाजाची सेटिंग बिघडली असती तं कडकड पहिल्या मिनिटापासून राहिली असती.

मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश, खोलीत हवा नाही. सीपीयू तापला की स्वतःचा वेग कमी करते. वेग कमी झाला की गेमले आवाजाचा पुढचा तुकडा वेळेत देता येत नाही, बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) रिकामा पडते, अन् त्या रिकाम्या जागेचाच कडकडाट ऐकू येते.

तपासायले 'एलएम-सेन्सर्स' टाका, 'वॉच सेन्सर्स' चालवा अन् गेम खेळू द्या. आकडा शंभराच्या जवळ गेला तं निदान पक्कं. 'सुडो डीमेसेज' मध्ये 'सीपीयू क्लॉक थ्रॉटल्ड' अशी ओळ आली असन तं मंग विचारूच नका.

उपाय: मशीन बंद करून वायर काढा, केबिनेट उघडा, हीटसिंकच्या पट्ट्यांमधली धूळ ब्रशनं अन् हवेनं काढा. हवा मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर पंखा वेगानं फिरून बेअरिंग खराब होते. जवळ जिनिंग असन तं कापसाचे तंतू पट्ट्यांत नमद्यासारखे बसतात, ते फुंकरीनं निघत नाहीत, चिमट्यानंच ओढावे लागतात. थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असन तं पुसून नवीन लावा, तुरीच्या दाण्याएवढी पुरे.

मेळघाटी
अर्थिंगवाल्या दादांशी सहमत. त्याच्या जोडीला रॅमही बघा. ४ जीबीत स्टीम, गेम आणि मागे उघडा ब्राउझर असेल तर सिस्टिम हार्डडिस्कवरच्या स्वॅपवर (रॅम भरली की वापरायच्या जागेवर) उतरते, आणि लक्षण अगदी हेच दिसतं. गेम चालू असताना 'फ्री -एच' चालवा. स्वॅपचा 'यूज्ड' आकडा वाढत असेल तर ब्राउझर बंद करून खेळायला सांगा.

हे दोन्ही साफ असूनही कडकड राहिली तरच बफरला हात लावा. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', तिथे 'लाँच ऑप्शन्स' च्या चौकटीत:

पल्स_लेटन्सी_एमसेक=६० %कमांड%

बरोबरच्या आधीचं सगळं मोठ्या लिपीत, 'कमांड' छोट्या लिपीत. ६० म्हणजे ६० मिलिसेकंदांचा साठा. कडकड थांबली नाही तर ९० करा. त्यापुढे गेलात तर बंदुकीचा बार दिसल्यावर आवाज मागून येतोय हे जाणवायला लागतं.

खालूनवर
तेही पुरलं नाही तर टीशेड, म्हणजे पल्सऑडिओचं टायमरवर चालणारं वेळापत्रक, बंद करा. 'इटीसी' मधल्या 'पल्स' फोल्डरात 'डिफॉल्ट.पीए' आहे. त्यात 'लोड-मॉड्यूल मॉड्यूल-यूडेव्ह-डिटेक्ट' या ओळीच्या शेवटी 'टीशेड=०' जोडा आणि 'पल्सऑडिओ -के' नं पुन्हा सुरू करा. 'डीमन.कॉन्फ' मधले फ्रॅगमेंटचे आकडे (मूळचे ४ तुकडे, प्रत्येकी २५ मिलिसेकंद) टीशेड बंद केल्यावरच लागू होतात. अनेक जण नुसते ते आकडे बदलतात आणि काही फरक पडत नाही म्हणतात, त्याचं कारण हे.

पेंग्विन_वऱ्हाडी
यापेक्षा मिंट २२ टाकून मोकळं व्हा ना. त्यात पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आहे, ही झंझटच नाही.

खालूनवर
पाइपवायर चांगलाच आहे, पण इथे त्यासाठी घाई करायचं कारण नाही. मिंट २१ ला २०२७ पर्यंत अपडेट आहेत. तापलेला सीपीयू पाइपवायरखालीही कडकडच करणार, आणि हॉटस्पॉटवर अख्खी सिस्टिम उतरवणं म्हणजे महिन्याचा डेटा घालवणं. मिंट २१ वरच पाइपवायर चढवायचाही विचार नको, तिथल्या साठ्यातली आवृत्ती ०.३.४८ आहे, बरीच जुनी.

ज्यांच्याकडे मिंट २२, फेडोरा ३४ च्या पुढचं किंवा डेबियन १२ ग्नोमसह आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. 'पॅक्टल इन्फो' मध्ये सर्व्हरच्या नावापुढे 'ऑन पाइपवायर' दिसेल. 'पीडब्ल्यू-टॉप' चालवा, 'ईआरआर' रकान्यातला आकडा कडकडीबरोबर वाढत असेल तर बफर रिकामा पडतोय. मूळ क्वांटम (एका वेळचा आवाजाचा तुकडा) १०२४ नमुन्यांचा असतो, ४८,००० हर्ट्झला तो साधारण २१ मिलिसेकंद. 'पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम २०४८' दिलं की दुप्पट. शेवटी २०४८ ऐवजी ० दिलं की पुन्हा मूळपदावर. 'सुडो अल्सा फोर्स-रीलोड' मारत बसू नका, तिथे 'सिस्टिमसीटीएल --यूजर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लम्बर' पुरतं.

मेळघाटी
आता तिसरी मशीन. हे लक्षण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण त्याची तीन अगदी वेगळी कारणं आहेत आणि लोक तिन्हींवर एकच कोडेक (दाबून साठवलेला आवाज उलगडणारा भाग) टाकत बसतात.

दारव्हेकर दादा, एकच गोष्ट तपासा. त्याच मशीनवर, त्याच हेडफोननं एखादं गाणं लावा. गायकाचा आवाज येतो का?

गाण्यातही गायक गायब आणि फक्त वाद्यं खोल विहिरीतून आल्यासारखी ऐकू येत असतील, तर दोष जॅकमध्ये आहे, लिनक्सचा काही संबंध नाही. हेडफोनची ग्राउंडची जोडणी सुटली की डाव्या आणि उजव्या बाजूचा फक्त फरक ऐकू येतो. बोलणं आणि गाणं दोन्ही बाजूंना सारखं असतं, म्हणून नेमकं तेच कटून जातं. पिन अर्धवट बसलेली, जॅकमध्ये धूळ, किंवा तीन काळ्या पट्ट्यांची मोबाइलची पिन सैल जॅकमध्ये, यातलं काहीही पुरतं. पिन जरा बाहेर ओढून, फिरवून बघा.

गाणं पूर्ण नीट, पण गेम चालू असताना कुठेच संवाद नाहीत, तर पाव्हूकंट्रोलच्या कॉन्फिगरेशनमध्ये प्रोफाइल 'सराउंड ५.१' झालंय का बघा. गेम संवाद मधल्या स्पीकरला पाठवतो आणि तो स्पीकरच तुमच्याकडे नाही. गाणं दोनच चॅनलचं असतं, म्हणून ते नीट वाजतं आणि माणूस फसतो. 'अ‍ॅनालॉग स्टिरिओ ड्युप्लेक्स' निवडा. खात्रीसाठी 'स्पीकर-टेस्ट -सी ६ -टी वॅव्ह' चालवा, 'फ्रंट सेंटर' हे शब्द ऐकू यायला हवेत.

आणि खेळताना संवाद येतात, फक्त मधल्या चित्रफितींत आवाज नाही, तरच तो कोडेकचा प्रश्न. विंडोजच्या गेमांत त्या फिती बऱ्याचदा डब्ल्यूएमए आवाजाच्या असतात. त्यावर जीई-प्रोटॉन ही प्रोटॉनची वेगळी आवृत्ती वापरा, त्यात कोडेक सोबत येतात.

वैनगंगा
ताई, हे तीन भाग फार कामाचे आहेत जी. आमच्याकडे वर्षानुवर्षं सगळे पहिल्यांदा विनट्रिक्स (विंडोजचे कोडेक वगैरे टाकणारा प्रोग्राम) चालवतात.

जुनाडॉस
थोडं अवांतर. वाचनालयात डॉसबॉक्सवर (डॉसचे गेम चालवणारा प्रोग्राम) जुने गेम चालवत असाल तर गेमच्या सेटअपमध्ये साउंड ब्लास्टर निवडा, पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. डॉसबॉक्सचे मूळ आकडे हेच आहेत. बरेच जुने गेम आपल्या मनानं आयआरक्यू ५ धरतात, मग आवाज येत नाही किंवा गेम तिथेच अडकतो. आणि संगीतासाठी 'जनरल मिडी' निवडू नका. त्याला वेगळा मिडी सिंथ लागतो, तो नसला की बार वाजतात आणि संगीत गायब होतं. 'अ‍ॅडलिब' किंवा साउंड ब्लास्टरच ठेवा.

पेंग्विन_वऱ्हाडी
वायरलेस हेडफोनवालेही विचारतील, म्हणून सांगून ठेवतो. गेमनं माइक उघडला की ब्लूटूथ हेडफोन फोनकॉलच्या प्रोफाइलवर जाऊ शकते, अन् आवाज टेलिफोनसारखा चेपून येते. कॉन्फिगरेशनमध्ये 'ए२डीपी' (गाणी ऐकायचं प्रोफाइल) निवडा अन् माइक वेगळा वायरचा लावा. तरी आवाज जरा उशिरानंच येईन. गेमसाठी वायरच बरा.

दारव्हेकर
मंडळी, तपासून आलो.

पहिली मशीन: खालूनवर भाऊ, तुमचं बरोबर. गेमची ओळ एचडीएमआयवर बसली होती. बदलली, अन् एचडीएमआय कार्ड ऑफ केलं. सुपरटक्सकार्ट बोलू लागला.

दुसरी: सेन्सर्सचा आकडा अठ्ठ्याण्णववर, अन् थ्रॉटल्डच्या ओळीच ओळी. हीटसिंकमधून धुळीची गादी निघाली. आता बहात्तरच्या आसपास राहते. थोडी कडकड उरली होती, ती ६० नं गेली.

तिसरी: गाण्यातही गायक नव्हता. पिन केसभर मागं ओढली की येते. म्हणजे पुढचा जॅकच सैल आहे.

दोन गोष्टी राहिल्या. पहिल्या मशीनले पुढून हेडफोन लावला की मागचे स्पीकर बंद पडतात. दोन्ही चालू ठेवता येतात काय? अन् स्पीकरमधून सतत घुंऽऽ असा आवाज येते. एक जण म्हणे प्लगची अर्थची पिन कापून टाका.

अर्थिंगवाला
पिन कापू नका! कोणाच्याही सांगण्यावरून कापू नका. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या डब्यात) लाइन अन् न्यूट्रलपासून बॉडीकडे फिल्टरचे कपॅसिटर असतात. अर्थ नसली की पत्र्याच्या बॉडीवर साधारण ११५ व्होल्ट तरंगत राहतात, अनवाणी पोराले झिणझिण्या येतात. अन् आत खरोखर शॉर्ट झालं तं जीवाशी खेळ.

घुंऽऽ चं कारण शोधा. कूलर अन् कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आहेत काय? कूलरची मोटर वेगळ्या पॉइंटवर घ्या. इन्व्हर्टरवरच आवाज वाढत असन अन् लाइनवर कमी होत असन, तं इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. मंग अर्थिंगचा खड्डा पाहा. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगा पडते, इलेक्ट्रोडपासून सुटते अन् अर्थिंगचा रोध वाढते. खड्ड्यात पाणी टाकत राहा, मीठ-कोळसा संपला असन तं वायरमनकडून भरून घ्या. एवढं करूनही राहिलं, तं ऑडिओच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. तिसऱ्या मशीनच्या सैल जॅकसाठी साधं यूएसबी साउंड कार्ड घ्या.

खालूनवर
जॅकच्या प्रश्नाचं उत्तर. टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' उघडा, एफ-६ दाबून 'एचडीए इंटेल पीसीएच' निवडा. उजवीकडे सरकत 'ऑटो-म्यूट मोड' पर्यंत जा आणि वरच्या बाणानं तो 'डिसेबल्ड' करा. मग 'फ्रंट' किंवा 'लाइन आउट' च्या पट्टीखाली 'एमएम' दिसत असेल तर एम दाबून उघडा. हेडफोन काढून पुन्हा लावला की पल्सऑडिओ ती पट्टी परत बंद करू शकतो, तेव्हा पुन्हा एम दाबावा लागेल.

दारव्हेकर
झालं भाऊ, दोन्हीकडून आवाज येऊन राहिला. पण मधात लाइट गेली, मशीन चालू केली तं ऑटो-म्यूट पुन्हा चालू! कूलरही वेगळ्या पॉइंटवर घेतला, घुंऽऽ बराच कमी आहे. खड्ड्यात उद्या पाणी टाकतो.

मेळघाटी
मिक्सरची स्थिती मशीन नीट बंद होताना डिस्कवर लिहिली जाते. लाइट गेली की ते लिहिणं होतच नाही आणि पुढच्या वेळी जुनीच स्थिती वाचली जाते. सगळं मनासारखं बसवलं की लगेच 'सुडो अल्साक्टल स्टोअर' चालवा. नंतर लाइट कितीही वेळा गेली तरी तीच सेटिंग परत येईल.

बाकीच्या मशीनवर पाव्हूकंट्रोल टाकताना डेटा पुन्हा खर्च करू नका. एका मशीनवर 'सुडो एपीटी-गेट इन्स्टॉल --डाउनलोड-ओन्ली --रीइन्स्टॉल पाव्हूकंट्रोल' चालवा, ती फाइल 'व्हार' मधल्या 'कॅश', 'एपीटी', 'अर्काइव्ह्ज' फोल्डरात मिळेल. पेनड्राइव्हवर घ्या आणि बाकीच्यांवर 'सुडो डीपीकेजी -आय' नं टाका. सगळीकडे मिंट २१.३ च आहे, त्यामुळे बहुधा चालेल. 'एलएम-सेन्सर्स' चंही असंच करा, आणि सुट्ट्या संपायच्या आत बाकीच्या मशीनचं तापमानही एकदा बघून घ्या.